एक नंबरची दोरी

पार्टिक, ग्लासगो
२ जानेवारी १९८४

मर्डो,

हे पत्र तरी न फोडता परत पाठवू नकोस. मागची तिन्ही तू तशीच परत धाडलीस, पाकिटावर 'घेणार नाही' असं लिहून. अक्षर अजून तसंच घाणेरडं आहे तुझं. म्हणून या वेळी पत्ता मी पर्डी खाटकाच्या बायकोकडून लिहून घेतला. फसवलं म्हणशील. म्हण, पण वाचून म्हण.

बाबांचं काही खरं नाही. नाताळच्या आठवड्यात डॉक्टर आर्मर बाई येऊन गेल्या. जाताना जिन्यात मला थांबवून हळूच म्हणाल्या, "इशबेल, हृदय पार थकलंय गं त्यांचं. मार्च बघितला तरी पुष्कळ." तेवढ्यात वरून आवाज आला, "जिन्यात काय कुजबुज चाललीय? मेलो तर पहिल्यांदा मलाच कळेल." बाई बिचाऱ्या हसल्या. मला काही हसू आलं नाही.

आणि या अवस्थेत पंचवीस तारखेला कवीच्या जयंतीच्या जेवणाला ते उभे राहणार आहेत. किल्ट घालून, सुरा हातात घेऊन, मेंढीच्या कोठ्यात भरून उकडलेल्या हॅगिससमोर त्याच्यावरची सगळी कविता तोंडपाठ म्हणणार आहेत. मी म्हटलं, या वर्षी पर्डीला म्हणू दे. तर म्हणाले, "पर्डीला मेंढ्या कापता येतात. कविता म्हणायला लागला की तीही तो कापतो."

तुला सांगते, आता गल्लोगल्ली हे जेवण सुरू झालंय. डम्बार्टन रोडवरच चार हॉटेलांनी पाट्या लावल्यात. कोपऱ्यावरच्या इटालियनानंसुद्धा लावलीय. तो हॅगिसवर टोमॅटोचं सार ओततो म्हणे. तरी आपल्या हॉटेलातल्या बाहत्तर खुर्च्या नोव्हेंबरातच भरल्या. लोक येतात ते बाबांसाठी. चाळीस वर्षं झाली. आमच्या हातचं सलगम आणि बटाटे काय, कुठंही मिळतात.

तू ये. पंचविसाच्या आधी ये. स्वयंपाकघरात माझ्याशिवाय जाणतं माणूस नाही, हे एक कारण धर. लेरविकला त्या कोळ्यांच्या कँटीनमध्ये चार दिवस दुसरं कोणी मासे तळेल. आणि जुनं काढू नकोस. सात वर्षं झाली त्याला. एखादी गोष्ट एखाद्या दिवशी राहून जाते, कुणाच्याही हातून राहते. त्याचा एवढा बाऊ बाबांनी करायला नको होता आणि तूही इतकं मनाला लावून घ्यायला नको होतंस.

बोट अ‍ॅबरडीनला सकाळी लागते, तिथून दुपारपर्यंत तू इथं. मी स्टेशनवर येईन.

तुझी ताई,
इशबेल


पार्टिक
८ जानेवारी १९८४

मर्डो,

पत्र परत आलं नाही. म्हणजे वाचलंस. मग उत्तर का नाही?

मी स्वयंपाकघरासाठी बोलावते असं तुला वाटलं असेल, तर ते खोटं होतं. स्वयंपाकघर मी एकटी ओढते. बाबांसाठी बोलावते हेही अर्धंच खरं आहे. ते तुझं नाव काढू देत नाहीत. परवा मी चुकून म्हटलं, "मर्डो असता तर सूप असं केलं असतं." त्यांनी चमचा खाली ठेवला, खुर्ची खिडकीकडे वळवली आणि तासभर माझ्याकडे पाठ करून बसले. सूप फेकून द्यावं लागलं.

ते एक सोड. तुला एक गोष्ट ठाऊक नाही, ती सांगते. इथून कोणी तुला सांगितली नसेल, तोंड नाही कुणाला. तू गेलास त्याच्या पुढच्या वर्षी बाबा पुन्हा उभे राहिले, उजव्या डोळ्यावर काळी पट्टी बांधून. बॅगपाइपवाल्यानं पाइप वाजवत हॅगिस आणलं, मेजावर ठेवलं. कविता सुरू झाली. तिसऱ्या कडव्याला, जिथं सुरा घालायचा, तिथं बाबा थांबले. सुरा वर धरून सगळ्यांकडे एका डोळ्यानं बघत म्हणाले, "टोचलंय ना?" लोक हसले. "टोचलंय!" म्हणाले. बाबांनी विचारलं, "कुणी?" मागून कोणीतरी ओरडलं, "मर्डोनं नाही!" सगळं हॉटेल खदखदून हसलं आणि बाबांनी सुरा खुपसला.

तेव्हापासून दर वर्षी तेच. आता तो रिवाजच झालाय, मर्डो. नवीन लोकांना जुने लोक आधीच पढवून ठेवतात. ज्यांनी तुला कधी पाहिलंही नाही ते बाहत्तर जण एका सुरात ओरडतात, "मर्डोनं नाही!" गेल्या वर्षी एक बाई मला विचारत होती, हा मर्डो कुणी पुराणातला आहे का? आणि मी स्वयंपाकघराच्या दारात, हातात बटाट्यांचं भांडं घेऊन उभी असते. दर वर्षी तिथंच.

सात वर्षांपूर्वी त्या दिवशी गडबड किती होती आठवतं ना? तू सलगम घोटत होतास. मी एक क्षण मागच्या अंगणात गेले होते, वाऱ्याला. एकच क्षण. तिथं त्या वर्षीचा पाइपवाला टॉर्किल होता, पाइप फुंकून गरम करत. एवढंच. का लिहिलं हे मी, मलाही कळत नाही.

एक ओळ पाठव. शिवी पाठव हवं तर.

इशबेल


पार्टिक
१४ जानेवारी १९८४

मर्डो,

आज बाबांनी मला वही-पेन्सिल घेऊन बसायला सांगितलं. मला वाटलं, जेवणाला कोण कुठं बसणार ते लिहायचंय. तर म्हणाले, "लिही. दोऱ्या."

कळलं ना? शवपेटी खड्ड्यात सोडायच्या दोऱ्या. आठ. त्यांनी स्वतःच्या पुरण्याची यादी सांगायला घेतली, दुकानातून काय आणायचं ते सांगावं तसं. तीन नंबर एफी आत्याचा मुलगा. चार नंबर शेजारचा ग्रीअर. पाच, सहा, सात, आठ, सगळे सांगितले. दोन नंबर, पायाकडची, आत्याच्या नवऱ्याला. मी म्हटलं, "आणि एक?"

डोक्याकडची एक नंबरची दोरी थोरल्या मुलाची असते, हे मी त्यांना सांगायचं? त्यांना तर मुलगाच एक. आजोबांच्या वेळी ती त्यांनी धरली होती. तू चार वर्षांचा होतास, पाय आपटत होतास की मलाही पाहिजे. आजोबा गेल्याचं दुःख सोडून तू दोरीसाठी रडलास. आई म्हणाली होती, "थांब रे, तुझी यायचीय अजून." हे त्यांना आठवतं. मला माहीत आहे त्यांना आठवतं, कारण त्यांनी डोळा मिटला.

मग म्हणाले, "एक नंबर वॉल्टर पर्डी."

खाटिक! आपल्या बापाचं डोकं खाटिक धरणार.

मी म्हटलं, "बाबा, असं करू नका." तर म्हणाले, "ज्याला एक भोक पाडायचं लक्षात राहत नाही, त्याच्या हातात मी माझं डोकं देणार नाही. सोडून देईल मधेच."

मी लिहिलं. माझ्याच हातानं 'वॉल्टर पर्डी' लिहिलं. खाली आले, कोठीत गेले आणि पिठाच्या पोत्यावर बसून रडले. आता हे मी तुला सांगितलं नाही तर मला जगता यायचं नाही, म्हणून सांगते. तू फाडून टाक, चुलीत घाल, पण आधी वाच.

तू विसरला नव्हतास. तू मला विचारलं होतंस. सलगमाच्या पातेल्यावरून मान वर करून विचारलंस, "इशा, टोचलंस का गं?" आणि मी म्हटलं, "हो."

मी टोचलं नव्हतं.

आईची ती मोजे विणायची लांब पोलादी सुई, चुलीपाशी खिळ्याला टांगलेली, ती मी हॅगिसला वाफ जायला भोकं पाडायची म्हणूनच काढली होती. आणि टॉर्किलनं खिडकीतून हाक मारली. मी चौतीस वर्षांची होते, मर्डो. चौतीस वर्षांत मला खिडकीतून कोणी हाक मारली नव्हती. केस मोकळे सुटले होते, वाफेनं चिकटले होते. मी ते वर गुंडाळले, त्यात सुई खुपसली आणि गेले. तो म्हणाला, केस असे छान दिसतात. एवढंच म्हणाला. मी परत आले तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं. तू विचारलंस, मी हो म्हटलं. खोटं बोलायचं म्हणून नाही. त्या क्षणी मला खरंच वाटलं की मी टोचलं होतं. सुई काढल्याचं आठवत होतं ना.

टॉर्किलनं पाइप वाजवत हॅगिस बाहेर नेलं. कोठा टम्म फुगलेला, चकाकणारा. लोक म्हणाले, वा, काय देखणं आहे! आणि तिसऱ्या कडव्याला बाबांनी सुरा घातला, आणि उकळती चरबी उडून त्यांच्या तोंडावर.

दवाखान्यातून आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, कुणी टोचायचं होतं? आणि तू म्हणालास, "मी. विसरलो." मी तिथंच होते. हातात बर्फाची पिशवी होती. तोंड उघडलं नाही. मला वाटलं, तुला खरंच वाटतंय की काम तुझं होतं. मोठा आचारी तू, जबाबदारी तुझी. असं मी सात वर्षं स्वतःला समजावत आले. टॉर्किल फेब्रुवारीत कॅनडाला गेला. एक कार्डसुद्धा नाही.

आता तुला कळलं. आता ये आणि त्यांना सांग. माझ्यादेखत सांग, मी नाही म्हणणार नाही. माझ्या तोंडून निघत नाही रे. तू सांग.

इशबेल


पार्टिक
१९ जानेवारी १९८४

तुझं उत्तर आलं. सकाळी पोस्टमननं दिलं तेव्हा मी दारातच फोडलं, हाताला पीठ तसंच होतं. मला वाटलं चार पानं असतील, शिव्या असतील. दोन ओळी.

'सुई तुझ्या केसांत होती. सकाळी तू सांगशील असं वाटलं होतं.'

मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुला माहीत होतं! मी ओलं फडकं घेऊन धावले तेव्हा तू माझ्या डोक्याकडे बघत होतास, ते मला आठवतं. मला वाटलं घाबरलायस. तू सुई बघत होतास. आणि तरी म्हणालास, विसरलो.

का? मला वाचवायला? मी मागितलं होतं का? असा कसा रे तू! मी सात वर्षं मनात म्हणत आले की त्याला माहीत नाही, माहीत नाही. तेवढ्यावर मी जेवत होते, झोपत होते. आणि तू तिथं त्या वाऱ्यात मासे तळत बसलास, माझी वाट बघत. घर सोडल्यावर बुकॅनन स्ट्रीटच्या बसथांब्यापाशी तू दोन दिवस राहिला होतास, असं ग्रीअर तेव्हा म्हणाला होता. मला वाटलं तिकीट मिळत नसेल.

रागावले आहे मी तुझ्यावर. मला काही अधिकार नाही, ठाऊक आहे. तरी रागावले आहे.

तू येणार नाहीस, हे कळलं मला. आणि तू बरोबर आहेस, हेही कळलं. तू सांगून उपयोग नाही. तू सांगितलंस तर ते म्हणतील, पोरगा मरत्या बापापाशी येऊन बहिणीवर ढकलतो. मीच सांगायला हवं.

काल तीनदा चहा घेऊन वर गेले. पहिल्यांदा ते झोपले होते. दुसऱ्यांदा म्हणाले, "साखर विसरलीस." तिसऱ्यांदा मी पलंगाच्या कडेला बसले आणि म्हटलं, "बाबा, मला काही सांगायचंय." ते म्हणाले, "जेवण रद्द करायचं सोडून काहीही सांग." त्यांचे ओठ निळे दिसत होते. मला डॉक्टर बाईंचं बोलणं आठवलं. हे ऐकूनच त्यांचं हृदय बंद पडलं तर? एक डोळा मी घेतलाच आहे. मी म्हटलं, "सलगम महाग झालेत." ते म्हणाले, "मग बटाटे जास्त घाल."

हृदयाचं निमित्त आहे, मर्डो. मला भीती वाटते ती त्यांच्या मरण्याची नाही. त्यांनी माझ्याकडे पाठ करून बसण्याची आहे. घरात आता त्यांच्याशिवाय माझ्याशी बोलणारं कोणी नाही.

सहा दिवस आहेत. देव करो आणि मला तोंड फुटो.

इशबेल


पार्टिक
२६ जानेवारी १९८४

मर्डो,

झालं.

चोवीसला सांगेन असं मी ठरवलं, नाही सांगितलं. पंचवीसला सकाळी सांगेन म्हटलं, तर बाबा दाढी करत होते, गुणगुणत होते. त्यांचा हात थरथरत होता म्हणून मी किल्टचा पट्टा बांधला. पोट पार खपाटीला गेलंय, पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. म्हणाले, "फ्लोरा असती तर म्हणाली असती, डूगल्ड, तुझ्या किल्टमध्ये आता दोघे मावतील." आईचं नाव त्यांनी घेतलं की मी काही बोलूच शकत नाही.

संध्याकाळी साडेसातला सगळे बसले. सूप गेलं. मी ते मोठं हॅगिस पातेल्यातून काढलं, ताटात ठेवलं, आणि आईची सुई खिळ्यावरून काढून सात ठिकाणी टोचलं. सात. वाफ फुसफुसत निघाली. सुई पुसली आणि का कोण जाणे, परत खिळ्याला न लावता केसांत खोचली. बहुतेक हात सवयीनं गेला असेल. किंवा नसेल.

पाइप वाजला. सगळे उठून टाळ्या वाजवू लागले. मी दारात उभी राहिले, बटाट्यांचं भांडं घेऊन. बाबांनी सुरुवात केली आणि आवाज कुठून आला त्यांच्यात देव जाणे, मागच्या भिंतीपर्यंत गेला. ज्यांनी शंभरदा ऐकलंय तेही गप्प झाले. तिसरं कडवं आलं. सुरा वर गेला. बाबा थांबले.

"टोचलंय ना?"

"टोचलंय!"

"कुणी?"

"मर्डोनं नाही!"

आणि हसू. त्या हसण्यात मी भांडं खाली ठेवलं. कुणाच्या पायाशी ठेवलं ते आठवत नाही, नंतर कोणाचा तरी बूट बटाट्यात होता. मी मधल्या वाटेनं चालत त्यांच्या मेजापाशी गेले. पर्डी म्हणाला, "काय गं इशबेल, तूही कविता म्हणणार का?" लोक अजून हसत होते.

मी म्हटलं, "मी टोचलंय. आणि त्या वर्षी मी टोचलं नव्हतं."

हसणं एकदम थांबलं नाही. पुढच्यांचं थांबलं, मागच्यांना ऐकू आलं नव्हतं, ते हसतच होते. म्हणून मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं, मोठ्यानं. "मर्डोनं मला विचारलं होतं. मी हो म्हणाले. मी पाइपवाल्याशी अंगणात बोलत होते. सुई माझ्या केसांत होती." आणि मी सुई काढून हॅगिसशेजारी ताटात ठेवली. केस खांद्यावर पडले. बाहत्तर माणसांसमोर एक्केचाळीस वर्षांची बाई केस मोकळे सोडून उभी. लाजेनं मेले असते, पण तेवढा वेळच नव्हता.

बाबा एका डोळ्यानं माझ्याकडे बघत राहिले. सुरा अजून वरच होता. मला वाटलं आता पडतात. ग्रीअर उठून त्यांच्यामागे उभा राहिला. मग त्यांनी सुरा हळूच खाली ठेवला, सुईच्या शेजारी, सरळ रेषेत. बाबांचं सगळं टापटीप.

"हे मी कापणार नाही," ते म्हणाले. "ज्यानं कापायला हवं तो इथं नाही. बाकीचं स्वयंपाकघरातून वाढा. लोक जेवायला आलेत."

आणि खाली बसले. स्वयंपाकघरातली लहान हॅगिसं कापून मी सगळ्यांना वाढली. माझ्याशी कोणी बोललं नाही. पर्डीच्या बायकोनं तेवढा माझा हात दाबला, तुझ्या पाकिटावर पत्ता लिहिणारीनं. बाबांनी घासभर खाल्लं. कवीच्या नावानं पेले उचलले गेले तेव्हा त्यांनीही उचलला. माझ्याकडे बघितलं नाही.

आज दुपार झाली तरी ते खोलीतच आहेत. चहा दाराबाहेर ठेवायला सांगितलाय. मी सांगितलं, मर्डो. सात वर्षं उशिरा, पण ती सकाळ आली म्हण. आता तू ये.

इशबेल


३१ जानेवारी १९८४, सकाळी
स्वयंपाकघरात

मर्डो,

तू येतोयस, तुझं कार्ड मिळालं. हे पत्र पोस्टानं पाठवत नाही. चुलीपाशी खिळ्याला लावून जाते. सुई त्याच खिळ्याला आहे.

तू दुपारी येशील तेव्हा मी नसेन. मी सकाळच्या गाडीनं एफी आत्याकडे ओबानला जाते. पळून चालले नाही, हे आधी सांगते. ऐक, काय झालं ते.

रविवारी बाबांनी मला वर बोलावलं. चार दिवसांत पहिल्यांदा. खिडकीकडे तोंड करून बसले होते. म्हणाले, "तुझ्या भावानं सात वर्षं घराबाहेर काढली. तू किती काढशील?"

मी म्हटलं, "जेवढी तुम्ही म्हणाल तेवढी. तुम्ही असाल तोपर्यंत."

ते म्हणाले, "मग स्वस्तात सुटशील." आणि हसले, मर्डो. खोकला येईपर्यंत हसले. मी पाणी द्यायला गेले तर हात वर करून थांबवलं. तो हसण्यातला आवाज मी घेऊन जाते. एवढंच मिळालं, आणि ते थोडं नाही.

मग वही मागवली. म्हणाले, यादी पुन्हा लिही. एक नंबर, मर्डो. मी लिहिलं. इतकं ठळक लिहिलं की पेन्सिलीचं टोक मोडलं. दोन नंबर आत्याच्या नवऱ्याचा होता. ते म्हणाले, "तो खोड. रिकामा ठेव."

मी विचारलं, "कुणासाठी?"

"मर्डो ठरवेल," म्हणाले. "त्याचं काय गेलं ते त्यालाच ठाऊक."

बायका दोरी धरत नाहीत, हे मला ठाऊक आहे, तुलाही ठाऊक आहे. आजोबांच्या वेळी आई आणि आत्या घरीच सँडविच कापत होत्या. तरी त्यांनी तो नंबर रिकामा ठेवला. मी दुसरं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित भरून टाकला असता.

आता कामाचं. सकाळची गोळी पांढरी, रात्रीची दोन पिवळी. ते पिवळी थुंकतात, पाण्यात विरघळवून दे. दाढी स्वतः करू देऊ नकोस, पण तू करतोस असं वाटू देऊ नकोस. ते मोठं हॅगिस फ्रीजरमध्ये खालच्या कप्प्यात आहे, कपड्यात गुंडाळून. पुन्हा उकळायला अडीच तास लागतील, मंद आचेवर. बाबा आज पहाटेपासून चांगली बंडी घालून खुर्ची दाराकडे करून बसलेत. का, ते मला कळलं नाही असं त्यांना वाटतं. तू त्यांच्यासमोर कापायचं आहेस. कविता ते म्हणतील, आवाज नसला तरी तू थांब. त्यांचं कडवं संपेपर्यंत सुरा घालू नकोस.

माझी सात भोकं उकळताना बुजतील. पुन्हा टोचावं लागेल. सुई खिळ्याला आहे, म्हणून सांगितलं.

वही वरच्या कपाटातल्या दुसऱ्या खणात, एक नंबर, दोन नंबर, सगळं आहे. आत्याचा पत्ता या कागदाच्या पाठीमागे लिहिलाय. मला चार पानं नकोत. मी दोन नंबरला यायचं की नाही, एवढी एक ओळ पुरे. मी वाट बघेन. तू बघितलीस तशी.

इशा